तांदळातलं नाव

अक्काला राग आला की ती भाकरी जोरात थापायची. काठवटीच्या आवाजावरून शेजाऱ्यांना समजायचं, आज हिच्या नवऱ्याचं काही खरं नाही. ती माझी थोरली जाऊ, नववीतून उठवून लग्न लावून दिलेली. चाळिशी आली तरी तो राग तिच्या अंगात तसाच होता, आणि मला विचाराल तर असायलाच हवा होता.

लेक कॉलेजात गेली तेव्हा अक्काने बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. पण फॉर्म भरतानाच घोडं अडलं. माहेरच्या, वालूरच्या शाळेच्या दाखल्यावर नाव चंद्रकला, आधारवर सुवर्णा. लग्नात थोरल्या दिरांनी ताटातल्या तांदळात बोटाने 'सुवर्णा' लिहिलं, बायकांनी कौतुक केलं आणि चंद्रकला संपली. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. क्लार्क म्हणाला, दोन्हीकडे एकच नाव करून आणा, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही.

"सुवर्णाच ठेव," दीर म्हणाले. "राशनकार्डावर तेच हाय."

"नववीतून उठवली ती चंद्रकला," अक्का म्हणाली. "सुवर्णा शाळेत गेलीच न्हाई. तिला कशाची दहावी देता?"

तिने आधारच बदलून आणलं. घरात आकाशपाताळ एक झालं. नवऱ्याने ठेवलेलं नाव मोडलं, आता घराचं वाटोळं होणार, असं सासूबाईंचं सुरू झालं. अक्का म्हणाली, "ते तांदूळ तुमी कवाच शिजवून खाल्ले की, आत्याबाई." दीर तिच्याशी बोलेनासे झाले. मानवतच्या केंद्रावर ती प्रत्येक पेपरला एसटीत उभी राहून गेली. दारात मोटारसायकल होती, तरी कुणी सोडायला उठलं नाही.

ती पास झाली आणि दिरांना एकदम उमाळा आला. चौकात फ्लेक्स लागला, 'सौ. सुवर्णाताई दहावी उत्तीर्ण'. तिचा फोटो कोपऱ्यात, दिरांचा मधोमध. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्काने विळा घेतला आणि भर दुपारी, हॉटेलातली सगळी माणसं बघत असताना, दोऱ्या कापल्या.

"अगं, तुजंच कौतुक करायलाय मी," दीर म्हणाले.

"माजं न्हाई. ज्या बाईचं हाय तिला नेऊन द्या."

घरी येताना तिने मला विचारलं, "तुजं माहेरचं नाव काय गं? लग्नात ऐकलं होतं, इसरले बग."

"शारदा," मी म्हणाले. तेव्हापासून ती मला शारदाच म्हणते. बाकीचे सासरच्या नावाने हाका मारतात. मी आता ओ देत नाही.