करंगळीशिवायची प्रत

ते नोटेशन आमच्याकडे आलं ते झेरॉक्स होऊनच. मूळ पुस्तक आम्हाला व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंचं होतं आणि एका दिवसापुरतं मिळालं होतं. नसरापूरच्या झेरॉक्सवाल्याने ते काचेवर आडवंउभं फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो कागुद लई मोठा हाय. आपल्या पानात बसायचा न्हाई. वरनं थोडं कापलं जाईल, चालंल का?"

दादा म्हणाला, "सूर कापू नका, बाकी काय बी कापा."

त्याने तसंच केलं. प्रत्येक ओळ शेवटच्या टिंबापर्यंत आली. पहिल्या पानाची वरची पट्टी तेवढी गेली. त्या पट्टीवर काय छापलं होतं ते आम्ही दोघांनीही वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी तेव्हा कळलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

आम्ही विंझरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतले. घरी शेळ्या आणि दोन म्हशी. शाळेसाठी मी आणि दादा वेल्ह्याच्या वसतिगृहात राहायचो आणि तिथे रविवारी पुण्याहून या बाई एसटीने यायच्या. त्यांच्याबरोबर लहान मापाची व्हायोलिनं असायची, कुणीतरी दिलेली, जुनी. पहिल्या वर्षी खूप मुलं आली, मग कमी झाली. शेवटी आम्ही दोघंच उरलो. मी उरले ती दादा उरला म्हणून. दादाचं मात्र तसं नव्हतं. तो गज तारेवर ठेवायचा तेव्हा वसतिगृहाची स्वयंपाकीण हातातलं काम तसंच धरून दारात यायची. मी वाजवत असताना ती कधी आली नाही.

ते नोटेशन एका कॉन्चेर्टोचं होतं. त्यात एक व्हायोलिन पुढे उभं राहून वाजवतं आणि मागे सगळा ऑर्केस्ट्रा साथ करतो. अशा रचनेची पुस्तकं वेगवेगळी निघतात. ज्यात सगळ्या वाद्यांचे सूर एकाखाली एक असतात ते जाडजूड पुस्तक संचालकाचं. मागच्या वाद्यांची आपापली पातळ पुस्तकं. आणि पुढे उभ्या राहणाऱ्या एकट्याचं एक. आमच्याकडे हे एकट्याचं होतं. ते दादाचं.

पुण्यात बाईंचा एक हौशी ऑर्केस्ट्रा होता. त्यात डॉक्टर होते, बँकेतून निवृत्त झालेले लोक होते, शाळेतली मुलं होती. मी भोरच्या कॉलेजात आले तोपर्यंत दादा बारावी होऊन वरव्याच्या बाजूच्या एका लहान कारखान्यात लागला होता. पाळी संपली की तो घरी येऊन वाजवायचा. बाईंनी ठरवलं की वर्षाच्या कार्यक्रमात हा कॉन्चेर्टो करायचा आणि पुढे दादाने उभं राहायचं. मागच्या दुसऱ्या रांगेत मी.

दादाने घरी सांगितलं तेव्हा आबा शेळीच्या पायातला काटा काढत होते. "आर्केस्ट्रात? म्हंजी आपल्या जत्रंत येतो तसला? बाया नाचत्यात तो?"

"तसला न्हाई हो आबा. ह्यात कुणी नाचत न्हाई. समदे बसून वाजवत्यात."

"आन तू?"

"म्या उभा."

"बसायला जागा न्हाई व्हय रं तुला येकट्यालाच?" आई आतून म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. आबा पण हसले. मग त्यांनी शेळीला सोडलं आणि विचारलं, "आमाला येऊ देतील का बघायला?"

आता मला ते आकड्यांचं सांगायला पाहिजे. व्हायोलिनच्या नोटेशनमध्ये सुरांच्या डोक्यावर बारीक आकडे छापलेले असतात. एक म्हणजे डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट, चार म्हणजे करंगळी. कुठला सूर कुठल्या बोटाने दाबायचा हे त्यावरून कळतं. बाई म्हणायच्या, "दिलीत तीच बोटं लावायची." शिकणाऱ्याला तेच सांगतात. आम्हाला वाटायचं, ज्याने हे संगीत रचलं त्यानेच ते आकडे घातले. आमच्या घरात छापलेला कागद म्हणजे सातबारा, नाही तर शाळेचा दाखला. त्यावरचं कुणी बदलत नसतं. बदलायला गेलं तर गुन्हा होतो.

पावसाळा संपता संपता कारखान्यात प्रेसच्या यंत्रात दादाचा डावा हात सापडला. करंगळी मुळापासून काढावी लागली. बाकीची बोटं वाचली. डॉक्टर आईला म्हणाले, नशीब चांगलं, उजवा हात नाही आणि करंगळीचं तसं काही अडत नाही. आईने त्यांना हात जोडले.

मी भोरहून दवाखान्यात पोचले तेव्हा दादा खाटेवर टेकून बसला होता. हाताला मोठं पांढरं गाठोडं. माझ्याकडे बघून म्हणाला, "बारके, चार गेला."

आई घाबरून त्याच्याजवळ सरकली. "चार कुठं रं बाळा? येकच गेलंय. बाकीची हायती की, बघ, हायती." आणि ती गाठोड्यावरून एकेक बोट चाचपायला लागली. त्याने तिला चाचपू दिलं. 

घरी आल्यावर त्याने व्हायोलिन पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली. मी एकदा म्हटलं, वाजवून तर बघ. तो म्हणाला, "काय वाजवू? पानापानावर चार हाय." त्याच्या दृष्टीने ते तिथेच संपलं होतं. खरं सांगायचं तर माझ्याही. पुस्तकात चार आहे आणि हाताला चार नाही, यावर बोलण्यासारखं काय होतं?

बाईंनी कार्यक्रम पुढे ढकलला. मी रविवारी एसटीने पुण्याला तालमीला जात राहिले. एकदा बाईंनी मला ऑर्केस्ट्राचं कपाट आवरायला सांगितलं. वेगवेगळ्या वाद्यांची पुस्तकं एकमेकांत मिसळली होती. ती लावताना मला आमचा कॉन्चेर्टो सापडला, एकट्या व्हायोलिनचाच, पण वेगळ्या रंगाच्या कव्हरात, वेगळ्या देशात छापलेला. मी उघडला. सूर तेच होते. आकडे वेगळे होते.

मी आधी दुसरीच रचना समजून परत कव्हर बघितलं. मग एकेक ओळ ताडून पाहिली, कारण दादाची प्रत मला पाठ होती. जिथे आमच्याकडे चार होता तिथे इथे तीन होता, हात वर सरकवून. जिथे आमच्याकडे तीन होता तिथे दोन. खाली आणखी एक प्रत होती आणि तिच्यात जवळजवळ आकडेच नव्हते.

मी दोन्ही घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी चष्मा वर केला. "अगं, आकडे संपादक घालतो. त्याला सोयीची वाटतील ती बोटं. हे बघ ना, वर नाव असतं त्याचं." पहिल्या ओळीच्या वर, उजवीकडे, बारीक अक्षरात. बरोबर तिथे, जिथून आमचं झेरॉक्स कापलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशीचं कॉलेज बुडवायचं ठरवून मी तशीच घरी गेले. नसरापूरला उतरून वडापच्या जीपमध्ये बसले तर शेजारची बाई म्हणाली, "काय गं, निकाल लागला का पास झाल्याचा?" इतकं माझ्या तोंडावर दिसत असावं.

दादाला मी कपाटातल्या दोन्ही प्रती दाखवल्या. तो शेळ्यांना पाला टाकत होता. त्याने हात पँटला पुसले आणि उभ्यानेच पानं उलटली. मग खाली बसला. आकड्यांवरून एक बोट फिरवत गेला. मग म्हणाला, "म्हंजी हे कुणीबी लिहू शकतं?"

"बाई म्हणाल्या, ज्याला वाजवायचंय त्याने लिहावं."

त्याने पेटी माळ्यावरून काढली.

पुढचे महिने तो जे करत होता ते मला आठवतं तेव्हा अजून बरं वाटतं, आणि लगेच वाईट वाटतं. हात भरल्यावर तो पुन्हा कामावर जायला लागला होता. पाळीवरून आला की ओट्यावर बसून तो झेरॉक्सवरच्या एकेका चारवर व्हाइटनर लावायचा. वाळला की वर पेन्सिलीने नवीन आकडा काढायचा, मराठी, म्हणजे छापलेल्यात मिसळायला नको. एक, दोन, तीन. वाजवायचा, नाही जमलं तर खोडायचा. करंगळी जे जागच्या जागी करते ते करायला त्याला आख्खा हात वर न्यावा लागायचा आणि परत खाली आणावा लागायचा. एका सुरासाठी. सुट्टीच्या दिवशी मी शेजारी बसून ऑर्केस्ट्राची साथ वाजवायचे. कधीकधी एवढं छान व्हायचं की आम्ही दोघंही थांबायचो आणि एकमेकांकडे बघायचो नाही.

आबा त्याचं हे बघत असायचे. एकदा म्हणाले, "आपली लंगडी शेळी बी डोंगूर चढतीच की."

"चढती आबा," दादा पानावरून मान न काढता म्हणाला, "पर कळपाच्या मागनं. मला म्होरं उभं ऱ्हायचंय."

शेवटच्या पानावर एक ओळ होती. तिथे एकच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात एकदम वाजवायचा असतो, दोन तारांवर, आणि तशीच अख्खी ओळ चढत जाते. पहिलं बोट आणि करंगळी. त्याच वेळी मागचा सगळा ऑर्केस्ट्रा जोरात असतो. एकटा सूर त्यात बुडतो, म्हणून ते दोन, असं बाईंनी कधीतरी समजावलं होतं. दादाने तिन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. बाकी कुठेही त्या संपादकांचं एकमेकांशी पटत नव्हतं. त्या ओळीवर आकडे छापणाऱ्या दोघांनीही चार लिहिला होता. तिसऱ्याने काहीच लिहिलं नव्हतं. त्याला वाटलं असेल, हे काय सांगायचं, ते दिसतंच आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या बोटात तेवढं अंतर ताणायचा त्याने प्रयत्न केला. हात फार मोठा असेल तर काहींना जमतं म्हणतात. त्याचा हात आबांसारखा आहे, रुंद आणि आखूड. रात्री आई त्याच्या पंजाला तेल चोळायची आणि म्हणायची, "सोड की रं येक वळ. येवढं पुस्तक वाजवतोस, येक वळ कोण बघतंय?"

बाईंनी पण सुचवलं, वरचाच सूर वाजव, ऑर्केस्ट्रा हळू करू. तो म्हणाला, "बघतो तालमीत."

तालमीला तो पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. मी मागून त्याची पाठ बघत होते.   तो वाजवत गेला आणि ते डॉक्टर, ते बँकेचे काका हळूहळू मान वर करून त्याच्याकडे बघायला लागले. नुसतं ऐकून कुणाला करंगळी नाही हे कळलं नसतं. शेवटचं पान आलं. बाईंनी आम्हाला हाताने खाली, खाली, अशी खूण केली. आम्ही हळू झालो. दादाने एकट्या वरच्या सुराने ती ओळ धरली.

दोन सूर असतील बहुतेक, किंवा तीन. मग त्याने गज खाली घेतला.

आम्ही थांबलो नाही, कारण बाईंचा हात थांबला नव्हता. त्यांना वाटलं, तो पुढे येऊन मिळेल. तो तिथेच उभा राहिला, व्हायोलिन अजून हनुवटीखाली, आणि आम्ही त्याच्या मागे साथ वाजवत राहिलो. कशाची साथ ते आता कुणाला ऐकू येत नव्हतं. नुसती टकटक, नुसते ठोके. ती ओळ संपेपर्यंत मी वाजवलं. मला अजून ते ऐकू येतं.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. खेड शिवापूरच्या पुढे एवढंच म्हणाला, "हळू केलं तुमी लोकांनी. माझ्यासाठी." 

त्यानंतर त्याने वाजवलं नाही. पेटी माळ्यावर टाकली नाही, माझ्या पिशवीशेजारी ठेवली. कार्यक्रमाला पुढे तू उभी राहशील का, असं बाईंनी मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. घरी आले तर दादानेच आधी विचारलं, "हो म्हणालीस का?" बाईंनी त्याला फोन केला होता.

"मला नाही जमायचं. तुझ्यासारखं नाही येत मला."

"न्हाई येत," तो म्हणाला. त्याने कधीच माझी खोटी स्तुती केली नाही. "पण तुला ती वळ येती."

आता मी त्याच प्रतीवर सराव करते. बाई म्हणतात, तुला चारही बोटं आहेत, इथे उगाच हात वर कशाला नेतेस, बाकीची बोटं बदलून घे. मी हो म्हणते आणि दादाचीच बोटं लावते. मला ती अवघड जातात. त्याच्या हाताला जी बसली होती ती माझ्या हाताला बसत नाहीत. तरी.

शेवटच्या पानावरच्या त्या ओळीत छापलेले चार त्याने केव्हाच व्हाइटनरने झाकले होते आणि वर काही लिहिलेलं नव्हतं. मी पण लिहिलं नाही. बोट आपोआप पडतं, लिहायची गरज नव्हती. गेल्या रविवारी सकाळी मी ओट्यावर वाजवत होते आणि तो शेळ्या सोडायच्या तयारीत होता. त्या ओळीवर मी अडखळले. पुन्हा अडखळले.

तो आला. म्हणाला, "लिहून घे तिथं."

मी पेन्सिल उचलली आणि धरून बसले. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग काठी भिंतीला टेकवली, माझ्या हातातली पेन्सिल घेतली, आणि पान डाव्या हाताने दाबून धरून त्या रिकाम्या पांढऱ्या जागेवर, पहिल्या सुराच्या डोक्यावर, हळूच ४ काढला. मग पुढच्या सुरावर. मग त्याच्या पुढच्या. ओळ संपेपर्यंत. पेन्सिलीची भुकटी फुंकून त्याने पान माझ्यासमोर नीट लावलं.

"आता वाजव," तो म्हणाला, आणि काठी घेऊन शेळ्यांच्या मागे निघाला. तो वळणाआड जाईपर्यंत मी थांबले. मग वाटलं, तो ऐकायला थांबला असेल तर? म्हणून वाजवलं.