वाटेवरचा दूत कुणाचा

आईचं काम समासात चालायचं. धर्मग्रंथ छापणाऱ्या छापखान्यात ती एकतीस वर्षं संदर्भ तपासत होती. बायबलच्या नव्या करारात जुन्या, ज्यूंच्या ग्रंथातलं वचन आलं, की पानाच्या कडेला बारीक टायपात त्याचा मूळ पत्ता छापतात. तो पत्ता खरा आहे का, ते आई बघायची. आणि अशी वचनं जागोजाग. कुठे अख्खी ओळ, कुठे दोनच शब्द, वाळूत अर्धं बुडालेल्या पावलासारखे.

"नवा करार लिहिणारी माणसं त्याच जुन्या ग्रंथांवर वाढली," आई म्हणायची. "आईच्या बोलीत बोलणारं पोर थोडंच सांगतं, हा शब्द आईचा म्हणून? ते आपण सांगायचं."

तिचा नियम एकच होता. पान उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय टिक नाही. वचन तोंडपाठ असलं तरी उघडायचं. पाठ असलेल्या ओळीवरच माणूस घसरतो, हे ती स्वतः घसरून शिकली होती.

नोकरीचं दुसरं वर्ष. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच म्हटलंय, की यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात असं लिहिलेलं आहे. मग दोन वचनं येतात. एकात वाट तयार करायला पुढे पाठवलेला दूत, दुसऱ्यात रानात उठलेली हाक. समासात मात्र यशयाबरोबर मलाखी हा दुसरा संदेष्टाही होता. मजकूरच यशया म्हणतोय तर हा आगंतुक कशाला, असं वाटून आईने मलाखी खोडला. उघडून बघितलं नाही. हजारो प्रती छापून झाल्या आणि छापील कागदांचे फर्मे दुमडताना बाइंडरमामांचा हात थांबला.

मामा ज्यू. जुना ग्रंथ लहानपणापासून त्यांच्या कानात होता. ते वर आले आणि म्हणाले, "ताई, आमच्या घरातून किती नेलंत ते मी विचारत नाही. पण कुठल्या कपाटातलं, ते तरी खरं लिहा. हाक यशयाची. दूत मलाखीचा."

आई त्या दिवशी जेवली नाही. पुढच्या आवृत्तीत मलाखी परत आला.

निवृत्तीला दोन महिने राहिले असताना नवे व्यवस्थापक नेमकं तेच पान घेऊन तिच्या टेबलाशी आले. आई चष्मा घरी विसरली होती, तो घेऊन मी दारात उभी होते.

"बाई, हा मलाखी काढा. वाचकांची पत्रं येतात. मजकुरात एक, समासात दुसरंच. म्हणतात, छापखान्याला काही कळत नाही."

"त्यांनी उघडून बघितलं का?"

"कोण उघडतंय, बाई?"

"मग समास कुणासाठी छापतो आपण? झुरळांसाठी?"

साहेब हसले नाहीत. "तुमची सही नसेल तर दुसऱ्याच्या सहीने जाईल पान."

एकतीस वर्षांत तिच्या खोलीतून एकही पान दुसऱ्याच्या सहीने गेलं नव्हतं. आणि गेलं असतं तेही हेच, त्याच जुन्या चुकीसकट.  मग तिने जाड ग्रंथ साहेबांकडे सरकवला.

"काढते. फक्त यशयात मला तो दूत दाखवा."

"चाळिसावा अध्याय. पाठ आहे मला."

"तेच तर. उघडा."

साहेब उभ्याउभ्याच वाचू लागले. रानातली हाक लगेच सापडली. दूत सापडेना. बोट वर गेलं, खाली आलं, मागचं पान, पुढचं पान. मग ते खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात मामा फर्म्यांचा गठ्ठा घेऊन आत आले.

"मामा, तुम्हीच सांगा हो," साहेब म्हणाले.

"मी काय सांगणार? मलाखीत आहेच. पण दूत पुढे पाठवायचं बोलणं त्याच्याही आधीचं आहे, साहेब. निर्गमाच्या पुस्तकात बघा. तेविसावा अध्याय."

साहेबांनी निर्गम उघडला. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं: वाटेत सांभाळायला तुझ्यापुढे दूत पाठवतो.

आई मामांकडे वळली. "इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी."

"मलाखी परत आणलात, तेवढ्यावर खूष होतो मी."

"एक काढायला आला होतात, साहेब," आई म्हणाली. "एक वाढला."

"जागा कुठाय समासात?"

"अध्यायावरची वेलबुट्टी काढली, तर सगळं वर सरकेल."

ती वेलबुट्टी साहेबांनी स्वतः निवडली होती. त्यांनी पानावरच्या त्या नक्षीवरून एकदा बोट फिरवलं. "काढा," म्हणाले आणि उठले. दारात मला म्हणाले, "तुमच्या आईंनी आज मला शाळेत बसवलं."

मी चष्मा पुढे केला. "दिसत नव्हतं, तर एवढं सगळं वाचलंस कसं?"

"मी कुठे वाचलं? साहेबांकडून वाचून घेतलं."

मामा हसत हसत खाली गेले. मला वाटलं, आता सही होईल. पण आईने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि ग्रंथ पुन्हा पुढे ओढला. यशया उघडला, मलाखी उघडला, निर्गम उघडला. तिन्ही ठिकाणी लाल पेन्सिलीने टिक केली. मगच खाली सही केली.