यशोदाबाईंनी पाहिलेलं लग्न

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे यशोदाबाईंना, चिंचवडात कुणी भांडखोर म्हणतं, कुणी आगाऊ म्हणतं. म्हणोत बापडे. त्यांच्याबरोबर एक दुपार लाल कंदिलाच्या खोलीत काढा आणि मग बोला, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमचे थोरले दीर दत्तोबा फोटोग्राफर. लढाईच्या काळात देहूच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली ते ही कला शिकले, आणि साहेब विलायतेला परतताना आपला तीन पायांवरचा मोठा कॅमेरा त्यांना देऊन गेला. तेव्हापासून रावेत म्हणू नका, चाकण म्हणू नका, लग्न कुणाचंही असो, डोक्यावर काळं फडकं घेऊन वाकलेले दत्तोबा मांडवात असायचेच. लग्न लावायचे भटजी, पण हुकूम चालायचा दत्तोबांचा. मंगलाष्टकं संपत आली की ते अंतरपाट धरणाऱ्यांना हातानं थोपवायचे, ज्या काचेवर फोटो उमटतो ती काच कॅमेऱ्यात सरकवायचे आणि मग ओरडायचे, "सोडा! इकडं बघा! हलू नका!" की अंतरपाट खाली, भिंगावरचं झाकण बाजूला, आणि दत्तोबांची नजर खिशातल्या घड्याळावर. एक, दोन, तीन मोजून झाकण परत. या उद्योगापायी आमच्या भागातल्या कितीतरी नवरानवरींनी अंतरपाट निघाल्यावर पहिल्यांदा एकमेकांना पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं ते आमच्या दिरांच्या कॅमेऱ्याकडे. मला याचं हसू येतं आणि संतापही येतो.

काचा औषधात बुडवायच्या, धुवायच्या, कागदावर छापायच्या, हे सगळं काम जाऊबाईंचं. घराच्या मागच्या खोलीच्या खिडकीला गोणपाटं ठोकलेली, त्यामुळे भर दुपारी काळोख, उजेड काय तो एका लाल कंदिलाचा. औषधानं त्यांची बोटं कायमची तपकिरी झाली होती. पिंपरीत कारखाना उभा राहिला तो घरापासून कोसावर, पण त्याचं धुराडं त्यांनी आधी औषधाच्या बशीत पाहिलं. आळंदीचा घाट बशीत, बारशी बशीत, लग्नं बशीत. कुणी कशाचं वर्णन करायला लागलं की त्या म्हणायच्या, "मी बघितलंय की." आणि त्यांना ते खरंच वाटायचं.

छप्पन साली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या समजुतीचे बारा वाजले. काळेवाडीच्या कुशाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो जाऊबाईंनी आदल्याच महिन्यात छापले होते. जाऊबाईंनी अगदी आपुलकीनं विचारलं, "समदं झ्याक दिसत व्हतं कुशाबाई, पर पोरीला लग्नात काळं कसं नेसवलंत?"

लग्नात काळं! त्या काचेवरून छापलेल्या फोटोत लाल रंग काळा उमटतो, हे बिचाऱ्या जाऊबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. कुशाबाई ताडकन उठल्या. "लालभडक शालू व्हता माझ्या लेकीचा! आख्ख्या काळेवाडीनं बघितला. तू कुठं व्हतीस गं?"

वाण तिथंच ठेवून जाऊबाई उठल्या. घरी येऊन त्या फोटोंच्या खोक्यांपुढे बसल्या आणि मला म्हणाल्या, "रुक्मिणी, इतक्या वर्सांत म्या कायबी बघितलं न्हाई गं." आणि रडल्या.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, इंद्रायणीचं लग्न ठरलं. चाकणचे कांद्याचे व्यापारी बबनराव यांचा मुलगा. बैठकीत बबनरावांनी एकच गोष्ट हट्टानं मागितली. अंतरपाट निघतानाचा मोठा फोटो, चौकटीत बसवून, त्यांच्या ओसरीसाठी. दत्तोबांची छाती फुगली.

आमच्याकडे रीत अशी की लग्न लागताना मुलीच्या आईनं बघायचं नाही. तिनं घरामागे तुळशीला पाणी घालत बसायचं. दत्तोबा बायकोला म्हणाले, "तुला काय काळजी? तू फोटोत बघशीलच की. समद्यांच्या आदी बघशील."

जाऊबाईंनी हातातला आमटीचा डाव खाली ठेवला. "ह्या वक्ताला न्हाई. लेक माझी हाय. म्या माझ्या डोळ्यानं बघनार."

"अगं, रीत हाय ती."

"रीत तुमची आसंल. डोळं माझं हायेत."

दत्तोबा हसले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की लग्नाच्या वेळी तू तिच्याजवळ तुळशीपाशी बस, उठू देऊ नको.

मी बसले. पुढच्या दारी मंगलाष्टकं सुरू झाली. जाऊबाई तांब्यानं पाणी घालत होत्या. दुसरं झालं, तिसरं झालं. मग त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "तू घाल," म्हणाल्या आणि उठल्या. मी त्यांना धरायला हवं होतं. धरलं नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तांब्या तुळशीपाशी ठेवून मीही मागोमाग गेले.

आम्ही मांडवात शिरलो तेव्हा दत्तोबांची काच घालून झाली होती. "सोडा! इकडं बघा!" ते ओरडले. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली. इंद्रायणी जन्मापासून ती आरोळी ऐकत आलेली. तिनं सवयीनं मान कॅमेऱ्याकडे वळवली. नवरा मुलगाही छाती काढून तिकडेच बघायला लागला.

खिशातल्या घड्याळावर नजर लावून दत्तोबा भिंगावरचं झाकण काढणार, तोच जाऊबाई सरळ चालत गेल्या आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यात, त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"इंदे, हिकडं काय बगतीस? त्याच्याकडं बघ!"

इंद्रायणीनं आईकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे. त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरून घाम मुंडावळ्यांत उतरत होता. दोघं कशाला हसली कोण जाणे, पण हसली. जाऊबाईंच्या डोक्यावरचा पदर पडला होता, डोळ्यांना धार लागली होती आणि त्या ती पुसतही नव्हत्या. पुसायला वेळ कुठं होता?

"तीन!" म्हणत झाकण परत लावून दत्तोबांनी घड्याळावरून मान वर केली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. आई मांडवात आली म्हणून म्हाताऱ्या बोटं मोडायला लागल्या. बबनराव फोटोसाठी कडाडले. दत्तोबा काकुळतीला येऊन म्हणाले, "परत अंतरपाट धरू, परत सोडू, हाय काय त्यात!"

"माझ्या लेकीचं लगीन येकदाच लागतंय," जाऊबाई म्हणाल्या. "लागलं."

भटजींनी अंतरपाटाची घडी केली आणि काखेत घट्ट धरली. दत्तोबांच्या इतक्या वर्षांच्या हुकमांचं उट्टं त्यांनी तेवढ्यात काढलं, असं मला वाटलं. बबनरावांनी निक्षून सांगितलं, ठरलेला फोटो ओसरीवर लागेपर्यंत सून माहेरी यायची नाही. जाऊबाईंनी मान हलवली. "मिळंल फोटो."

दत्तोबा ती काच फोडायलाच निघाले होते. जाऊबाईंनी ती त्यांच्या हातून काढून घेतली, धुतली आणि कागदावर छापली. फोटोभर त्यांचीच पाठ. खांद्यावरून मुंडावळ्यांचं एक टोक तेवढं डोकावतं, बाकी अक्षतांच्या पांढऱ्या रेघा. दत्तोबांनी फोटो हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "अगं, आपली इंदी दिसत कशी व्हती गं तवा?"

"तुमी तितंच व्हता की," जाऊबाई म्हणाल्या.

मला दिरांची दया आली. जाऊबाईंनाही आली असावी, कारण त्यांनी चहा ठेवला. पण सांगितलं काही नाही.

आठ दिवसांनी चौकटीतला फोटो मांडीवर धरून त्या चाकणला निघाल्या. मी बरोबर होते. दोन एस.ट्या बदलल्या, धुळीनं दोघी माखलो. ओसरीवर बबनरावांनी स्वतः चौकटीवर गुंडाळलेला कागद सोडला. फोटो सरळ धरून बघितला, उजेडाकडे नेऊन बघितला. त्यांचे कान लाल झाले.

"ह्यात सून कुठं हाय माझी?"

जाऊबाईंनी आतल्या दाराकडे बोट केलं. पाण्याचा तांब्या घेऊन इंद्रायणी उंबऱ्यात उभी होती.

"ती काय. आठ दीस झालं तुमच्या घरात हाय. बघा की तिच्याकडं."