साक्षगंधातला ओळखीचा नाच

नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय कधीही घेत नाही, आणि या सवयीचा आजवर कुणालाही त्रास झाला नव्हता.

धाकट्या लेकीचं, ऋतुजाचं, साक्षगंध (साखरपुडाच म्हणा) आमच्याकडे आंजीला होतं. गिरडचे पाहुणे मांडवाच्या एका बाजूला बसले, आमची मंडळी दुसऱ्या बाजूला. मध्ये कूलर तेवढा बोलत होता. ऋतुजाने मला कोपऱ्यात ओढलं.

"आई, सासूबाई सकाळपासून एक शब्द बोलून नाई राह्यल्या. त्या घरात मी दिवसभर कोणाशी बोलू?"

तिचे डोळे भरलेले पाहून मलाही भरून आलं. पण मी अंगणवाडीच्या प्रशिक्षणात ओळखीचा नाच शिकलेली बाई! (प्रशिक्षणातलं तेवढंच लक्षात राहिलंय.) मी टिपऱ्या वाटल्या. आमच्या लोकांचा आतला गोल, पाहुण्यांचा बाहेरचा. पाहुण्याने नाव सांगायचं, आपण ते मोठ्याने म्हणायचं, टिपरीवर टिपरी मारून पुढे सरकायचं.

"लाजाचं काम नाई," मी सगळ्यांना बजावलं.

ढोलकीच्या तालावर नाच रंगला. मी ऐटीत सरकत सरकत व्याह्यांसमोर आले.

"मी वसंतराव," ते म्हणाले.

आमच्या ह्यांचंही नाव तेच. हे मला महिनाभर ठाऊक होतं, पण जिभेला कुणी कळवलं नव्हतं. नाव काही निघेना आणि मी टिपरी उगारून तिथेच थांबले. मागून जाऊबाई येऊन आदळल्या, त्यांच्यावर त्यांची सून.

"काऊन थांबली वं?" जाऊबाई खेकसल्या.

घाबरून मी डोळे मिटले आणि लग्नापासून पाठ असलेला उखाणा म्हणून मोकळी झाले:

"वायगावच्या हळदीचा उतरत नाही रंग, वसंतरावांचा अन् माझा जन्मभराचा संग."

ढोलकी थांबली. व्याही लाल झाले. शेजारीच उभ्या असलेल्या विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मोडली सोयरीक, असं म्हणून मी मनातल्या मनात लेकीची माफी मागितली.

"बाई," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हे वसंतराव माहे हायेत. तुमचे तिकडं मठ्ठा पिऊन राह्यले."

"माह्याकडून काई हरकत नाई," आमचे हे ग्लास खाली न ठेवता म्हणाले.

मांडव हसून लोळला. विहीणबाई तर माझ्याच खांद्यावर डोकं टेकवून हसल्या.

लग्नानंतर मी लेकीला फोनवर विचारलं, "सासूबाई बोलतात का वं आता?"

"लय बोलतात. कोणी पाहुणा आला का पाणी द्याच्या अगोदर तुहा उखाणा म्हणून दाखवतात."

गिरडला मी अजून पाऊलही टाकलेलं नाही, पण तिथं मला आता कुणाशी ओळख करून घ्यायची राहिलेली नाही.