अळणी भाजीचं मूळ कारण

दर रविवारी सकाळी महाळुंग्यात, मंदिराच्या सभागृहात, मी बायकांना मारणाऱ्या नवऱ्यांचा वर्ग घेते. ओळख करून देताना मी हे असंच सांगते. समोरच्याला चहाचा ठसका लागतो आणि मला मजा येते. माझे नवरे बहुतेक मराठवाड्यातून कंपन्यांत कामाला आलेले. "माझे नवरे" म्हटलं की घरचा नवरा कोपरापासून हात जोडतो.

सुरुवातीला मी आमच्या समुपदेशन संस्थेच्या ऑफिसने दिलेला अभ्यासक्रम घेतला. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, रागाचा रंग ओळखा. नाइट शिफ्ट करून आलेली माणसं ती, डोळे मिटताच घोरायला लागली. मग मी त्यांच्याच कामातली एक पद्धत उचलली. कंपनीत माल बिघडला की हे लोक फळ्यासमोर उभे राहून "का?" विचारतात. उत्तर आलं की पुन्हा "का?" आणि मूळ कारण हाती लागेपर्यंत सोडत नाहीत. म्हटलं, बायकोवर हात उचलला त्याचंही असंच करू या.

पहिला उठला जालन्याकडचा प्रेस ऑपरेटर. त्याने थोबाडीत मारल्यावर बायको मुलीला घेऊन दिघीला बहिणीकडे गेली होती. परत यायचं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. "ते तिथं काय बोलतेत ते मला सांगा ताई, मग बघते," असं ती मला म्हणाली होती. हे त्यालाही ठाऊक होतं.

"का मारलं?" मी विचारलं.

"भाजी अळणी होती."

"अळणी का?"

"मीठ संपलं होतं."

"का?"

"दुकान बंद होतं ना ताई."

म्हणजे मूळ कारण दुकानदार! गड्याच्या चेहऱ्यावर केवढं समाधान. मला हसू आलं आणि संतापही आला. मी तोंड उघडायच्या आत बाकीचेच ओरडले, "दुसऱ्या डिपार्टमेंटवर ढकलायचं नाय, भावा!" त्यांच्या फळ्यापुढचा हा नियमच आहे. आपल्याकडून काय झालं तेवढंच बोलायचं.

पुन्हा पहिल्यापासून. राग आला म्हणून मारलं. राग का आला? सुपरवायझरने सगळ्यांदेखत शिव्या घातल्या.

"मग त्याला का नाय हाणलं?" मागून एकाने विचारलं.

"नोकरी गेली असती ना राव."

"आन् वहिनीला हाणून काय जाणार होतं?"

तो हळूच म्हणाला, "काहीच नाही."

खडू माझ्या हातात होता, पण मला ते लिहवेना.

संध्याकाळी दिघीला गेले. मेथी निवडता निवडता त्याच्या बायकोने सगळं ऐकलं. दुकानदारापाशी आल्यावर तर पोट धरून हसली. शेवटचं "काहीच नाही" ऐकून मात्र तिचे हात थांबले.

"मूळ कारण सापडलं की कंपनीत पुढं काय करतेत?"

"ते काढून टाकतात."

तिने मेथीची पुढची काडी उचलली.

"मग त्याला सांगा, मारलं की बायको जाते. गेली."