नानांच्या शेडमधली भातुकली

आमच्या शेडमध्ये कितीही झाडलं तरी दोन गोष्टी उरतातच, लाकडाचा भुसा आणि किस्से. भुसा निदान गोण्यांत भरता येतो. किस्से दर रविवारी चहाबरोबर वाढत जातात, आणि सांगणारा प्रत्येक जण त्यात स्वतःला शहाणं ठरवतो. म्हणून म्हटलं, खरं काय झालं ते एकदा आपणच लिहून टाकावं.

शेड म्हणजे सिडकोतल्या नानांच्या घरामागची पत्र्याची खोली. नाना अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी टेबलावर मावेल एवढा लाकूड कातायचा लेथ घेतला आणि त्यावर भातुकली करायला लागले. बोटभर लाटणं, नखाएवढी वाटी, असलं काहीतरी. मग वेड लागलेले आणखी तिघं त्यांना येऊन मिळाले. एक दातांचे डॉक्टर, एक पिंपळगावचे द्राक्ष बागायतदार रामनाथभाऊ, आणि तिसरी मी, शाळेतून रिटायर झालेली विज्ञानाची बाई.

सगळं ठीक चाललं होतं, पण नानांना एकच गोष्ट खुपायची. चार वर्षांत सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकाही वस्तूला चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. नाना नवीन वस्तू कधी फ्रिजवर ठेवायचे, कधी टीव्हीच्या रिमोटशेजारी. काकू ती उचलायच्या, खालची धूळ पुसायच्या आणि पुन्हा तिथंच ठेवायच्या. नाना पेपरआडून बघत बसायचे, दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखे.

*

नानांच्या खिशात कायम व्हर्नियर असतो, केसभर फरकही मोजणारं हत्यार. एकदा डॉक्टरांनी दोन महिने खपून एक लाटणं केलं. नानांनी ते तीन ठिकाणी मोजलं आणि सांगितलं, एका टोकाला दोन दशांश मिलिमीटर जाड आहे.

डॉक्टर म्हणाले, आमच्या धंद्यात एवढा फरक पेशंटच्या लक्षातही येत नाही.

नानांनी लाटणं परत दिलं. "तोंडात चालत असेल," ते म्हणाले, "लाटण्यात नाही चालत."

*

माझंही सांगते, नाहीतर डॉक्टर सांगतील आणि वाढवून सांगतील.

पहिल्यांदा लेथवर उभी राहिले तेव्हा मला मुसळ करायचं होतं. एका बाजूनं जरा जास्त घासलं गेलं, म्हणून दुसरी बाजू तिच्या मापाला आणली. मग पहिली बाजू पुन्हा जाड वाटायला लागली. अर्ध्या तासात मुसळाचं लाटणं झालं. नाना म्हणाले, इथं थांबा. मी थांबले नाही. लाटण्याची रवीची दांडी झाली, आणि ती सरळ करता करता जे उरलं ते डॉक्टरांनी हातात घेऊन निरखलं आणि खिशात टाकलं.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी त्यानं दात कोरले. माझ्या हातची पहिली वस्तू अशी कामी आली.

*

रामनाथभाऊंनी जुनी बाग काढली तेव्हा वेलींची खोडं टेम्पोत घालून शेडवर आणली. वडिलांनी लावलेली बाग होती, सरपणाला द्यायचं जिवावर आलं म्हणाले. लाकूड वेडंवाकडं, पण आत रेषा सुंदर. "लय चिवट हाय," ते म्हणाले, "आमच्या घरच्यांसारखं."

रामनाथभाऊंचा व्हर्नियरवर विश्वास नाही. त्यांच्याकडे द्राक्षाचे मणी मोजायची भोकं पाडलेली पट्टी असते. आमची प्रत्येक वाटी ते त्या भोकातून घालून बघतात आणि निकाल देतात. नानांचा माल कायम एक्स्पोर्टला जातो. डॉक्टरांचा लोकल मार्केटला.

माझी वाटी एकदा सगळ्यात बारीक भोकातूनही खाली पडली. भाऊंनी ती उचलून माझ्या हातावर ठेवली. "मॅडम, हे बेदाण्याला टाकू."

*

मग प्रदर्शन ठरलं. आमच्याच भागातल्या एका हॉलमध्ये हौशी लोकांच्या वस्तू मांडायच्या होत्या. आम्ही पूर्ण स्वयंपाकघर मांडायचं ठरवलं. नानांनी फळ्यावर लिहिलं, आठास एक. म्हणजे घरातली खरी वस्तू मोजायची आणि तिच्या बरोबर एक अष्टमांश करायची. कामं वाटून दिली आणि सगळे आपापल्या घरी मापं घ्यायला गेले.

चूक तिथंच झाली. रामनाथभाऊंनी उखळ आणि मुसळ मोजलं ते गावाकडच्या पंचवीस माणसांच्या खटल्यातलं. डॉक्टरांनी पोळपाट आणि लाटणं मोजलं ते नवरा-बायकोच्या फ्लॅटमधलं. महिनाभरानं सगळं टेबलावर मांडलं तर उखळात पोळपाट बुडत होता. नाना व्हर्नियर घेऊन तासभर चूक शोधत होते. माप प्रत्येकाचं अचूक होतं.

एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवताना त्यांची नजर टेबलावर गेली. "या घरात सासू फारच थोराड दिसतेय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

आम्ही हसत होतो. नाना हसले नाहीत. ते आम्हाला पुन्हा पुन्हा विचारत होते, तिनं नीट बघितलं ना? बघितल्याशिवाय असं कसं म्हणेल?

*

त्यानंतर ठरलं की सगळी मापं एकाच घरातली घ्यायची, आणि ते घर नानांचं. काकूंनी अंगावरचा भुसा अंगणात झटकून यायच्या अटीवर आम्हाला स्वयंपाकघरात येऊ दिलं. आम्ही टेप लावून डबे मोजत होतो तेव्हा नाना देवघरापाशी गुपचूप उभे होते. तिथं काकूंच्या आईचा लाकडी करंडा असतो, कुंकवाचा. नानांनी तो मोजला आणि आम्हाला डोळ्यांनीच दटावलं.

पुढचे पंधरा दिवस ते दुसऱ्या कशाला शिवले नाहीत. द्राक्षाच्या खोडातून चिंचोक्याएवढा करंडा कातला. झाकण मसुरीच्या दाण्याएवढं, आणि तेही घट्ट बसणारं. "हा बघून तरी बोलेल," ते मला म्हणाले. मला त्यांची दया आली आणि थोडी काकूंची भीतीही वाटली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, शेवटचा हात फिरवायला जमलो. डॉक्टरांनी घरून छोटा ब्लोअर आणला होता. दवाखान्यात काम झालं की हवा मारून बघायची त्यांची सवय. करंडा उघडा ठेवलेला होता. डॉक्टरांनी हवा मारली आणि झाकण गेलं.

आम्ही चौघं गुडघ्यांवर रांगलो. भिंतीशी उघड्या गोण्यांतून ओसंडलेला चार वर्षांचा भुसा होता, त्यात मसूर शोधायची. तासाभरानं नाना स्टुलावर बसले. "राहू द्या," म्हणाले. "नवीन करायला पाच दिवस लागतील." डॉक्टर कोणाकडे बघत नव्हते.

काकू कपबशा न्यायला आल्या. काय हरवलं, विचारलं.

"तुझ्या आईच्या करंड्याचं झाकण."

"तो देवघरात आहे की."

नानांनी तळहात पुढं केला. काकूंनी बिनझाकणाच्या करंड्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वळून घरात गेल्या. नानांचा चेहरा मला बघवेना.

काकू परत आल्या त्या पिठाची चाळणी घेऊन. शेडच्या दारात बसकण मारली, पदर खोचला आणि चाळायला लागल्या. डॉक्टर मदतीला सरसावले तर म्हणाल्या, "तुम्ही जरा लांबच थांबा." एक गोणी झाली. दुसरी झाली. काकूंच्या केसांवर, भुवयांवर भुसा. तिसऱ्या गोणीत त्यांचा हात थांबला.

झाकण त्यांनी पदरानं पुसलं आणि करंड्यावर बसवलं. बसलं. उघडलं, पुन्हा बसवलं.

नानांनी शेवटी विचारलं, "कसा झालाय?"

"घरात नवी चाळणी आणा," काकू म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. करंडा त्यांच्या मुठीतच होता.

रविवारी हॉलमध्ये सगळी भातुकली मांडली. 'करंडा' लिहिलेल्या चिठ्ठीपुढं जागा मोकळी होती. येणारा प्रत्येक जण विचारायचा, इथली वस्तू कुठंय? नाना दिवसभर उभे राहून एकेकाला सांगत होते, "तो घरी लागतो."