टोपीची पडवी

निशाण धरून उभे असलेले तात्या लांबून पाहिले, तर माणूस उभा आहे की मेख ठोकली आहे ते कळत नसे. एकदा त्यांच्या काठीच्या टोकावर कोतवाल पक्षी येऊन बसला, शेपटी हलवून उडून गेला, तरी काठी हलली नाही. निजामाच्या पैमाइशीत, म्हणजे जमीनमोजणीच्या खात्यात, मी तेव्हा नवा मुन्शी होतो. तलवाड्याच्या शिवारात मोजणी चाले. दोघं साखळी ओढत, मी फळीवर कागद लावून रेघा मारी, आणि शेताच्या पार कोपऱ्यावर लाल निशाण घेऊन तात्या उभे. "निशाण हाललं की बांध हालला, मुन्शीजी," ते म्हणत. पहिल्याच दिवशी मी त्यांना तोऱ्यात बजावलं होतं, की मी रुमाल हलवीपर्यंत जागा सोडायची नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. नुकतं मिसरूड फुटलेल्या माझा तो हुकूम पन्नाशीच्या माणसानं कायमचा मनावर घेतला.

तात्यांच्या घरचा धंदा मेंढरांचा. मेंढरामागचा माणूस दुपारी झाडाखाली टेकतो तरी; निशाणवाल्याला ती सोय नाही. सूर्य तोंडावर असला तरी मुन्शीच्या रुमालाकडे टक लावून बघायचं. असं करता करता तात्यांच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं. मग डावा राखायला म्हणून त्यांनी आपल्या मुंडाशाला एक पुढे-मागे सरकणारी सावली बसवली. बांबूच्या चार बारीक कमानी, दोन्ही कानांपाशी एकेका खिळ्यात ओवलेल्या, वरून मेण चोळलेलं कापड. बोटानं ओढली की कपाळापुढे वीतभर सावली पडे, मागे सारली की सगळ्या कमानी एकावर एक बसत. तिला ते पडवी म्हणत. "घराला पडवी असती, मग डोस्क्याला कावून नको?"

माझे हाल वेगळेच होते. सरकारी नोकराच्या डोक्याला रुमी टोपी. तांब्या पालथा घातल्यासारखी ती टोपी. रुबाब भरपूर, सावली मात्र नावाला नाही. छत्री उघडावी तर वरिष्ठांसमोर छत्री धरणं म्हणजे मोठी बेअदबी. माझ्या नाकाचं सालटं निघालेलं तात्यांनी पाहिलं आणि काही न बोलता टोपी मागून घेतली. चौथ्या दिवशी ती पडवीसकट परत आली. कापड टोपीच्याच रंगाचं, मिटली की नुसती किनार वाटावी. "साहेब आला की आत सारा, साहेब वळला की भाईर काडा," ते म्हणाले. एवढ्या सरळ माणसाला ही लबाडी कशी सुचली याचं मला फार हसू आलं होतं.

त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे एक मागणं केलं. दुसरं कधी काही मागितलं नाही. "मुन्शीजी, मोठे साहेब येणार हायेत म्हणं. माज्यासाटी एक शबूद टाका. बीडच्या दफ्तरात दाराशी बसवा मला. सावलीत ऱ्हायलो तर ह्यो डोळा टिकंल, असं हकीम बोलला." मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. पडवीच दाखवायची आणि म्हणायचं, हुजूर, ही या माणसाची अक्कल. मनातल्या मनात मी ते वाक्य घोकून ठेवलं होतं.

साहेब आले ते भर दुपारी, न सांगता, घोड्यावरून. मी फळीवर वाकलेलो. पडवी मिटायची राहून गेली. "ये क्या है?" त्यांनी दरडावलं. त्यांनी टोपी काढायला लावली, पडवी दोनदा ओढली, सारली, आणि एकदम हसले. "वाह! किसने बनाया?"

तात्या माझ्यापासून दहा पावलांवर होते. त्या दिवशी कोपरा जवळचा होता. त्यांचा चांगला डोळा माझ्या रुमालावर होता आणि काठी सरळ.

"मैंने, हुजूर," मी म्हणालो.

का म्हणालो ते आजही सांगता येत नाही. शाबासकी समोर आली आणि जीभ घसरली, एवढंच. असा हुन्नरी माणूस उन्हात कशाला वाया घालवायचा, म्हणून महिन्याच्या आत मला बीडच्या दफ्तरात पंख्याखाली खुर्ची मिळाली. निघताना तात्यांना म्हणालो, "तिथं गेलो की तुम्हाला बोलावतो." ते म्हणाले, "बोलवा की." मी बोलावलं नाही. दोनदा शिपायाची जागा रिकामी झाली, मी मूग गिळून बसलो. तात्या दाराशी बसले असते, साहेब रोज त्यांच्यासमोरून गेले असते, आणि एखाद्या दिवशी खरं बाहेर पडलं असतं. खोटं एका शब्दाचं होतं. ते सांभाळायला मी माणसाचा डोळा घालवला. हे मी तेव्हाही जाणत होतो.

पाच-सहा वर्षांनी कामानिमित्त तलवाड्याला गेलो होतो. तात्या घरासमोर टकळीवर लोकर कातत बसले होते. दोन्ही डोळे पांढरे झाले होते. मी नुसता खाकरलो तर म्हणाले, "मुन्शीजी, या." शेजारी बसवलं, सुनेला गूळपाणी आणायला सांगितलं. मग हात माझ्या टोपीकडे गेला, कानापाशी चाचपू लागला.

"खिळा ढिला झालाय. आजून वापरता?"

"तात्या, त्या दिवशी मी..."

"मी तितंच हुतो की."

"मग बोलला का नाहीत? एक शब्द बोलला असता तर मी खोटा ठरलो असतो."

त्यांना माझा प्रश्नच नवलाचा वाटला. "हातात निशाण हुतं माज्या. तुमी रुमाल कुटं हालवला हुता?"

मी तोंडाला पदर लावणाऱ्या बाईसारखं उपरणं तोंडाशी धरलं. ते माझी टोपी काढून घेऊन लोकरीच्या धाग्यानं खिळा आवळत राहिले. धागा दातानं तोडला, पडवी एकदा ओढून सारून पाहिली आणि टोपी माझ्या डोक्यावर नीट बसवली.

"आता जाताना वढून घ्या. ऊन लई हाय."

मी ती ओढली नाही. गेवराईच्या वाटेनं सगळं ऊन तोंडावर घेत चालत गेलो. तेवढ्यानं तात्यांचं काय भलं होणार होतं? त्यांना तर तेही दिसत नव्हतं.